ओळख कुणी करून दिली

"तुमची ओळख कुणी करून दिली? नाव, नातं आणि तारीख लिहा."

किशोरीनं प्रश्न मराठीत करून वाचला आणि लॅपटॉपवरचं तिचं बोट तिथंच थांबलं.

समोर तिची सासू सोमीबाई लग्नाच्या फोटोंच्या पाठीवर पेन्सिलीनं आकडे टाकत बसली होती. एक ते वीस. नवरा कॅनडात, बायको पनवेलला. मधे सात समुद्र, आणि आठवा हा तिकडं जायचा अर्ज. वकील नको, हे किशोरीनंच ठरवलं होतं. लग्नाआधी चार वर्षं ती पनवेलच्या एका लॅबमध्ये काउंटरला होती. दिवसाला शंभर माणसांची नावं, वयं, उपाशीपोटी की जेवून, सगळं न चुकता लिहायची. तिनं अर्जाला काय भ्यायचं?

"लिव ना," सोमीबाई म्हणाली. "ओलख मी करून दिली. माज्या पत्रात हाय तसाच लिव."

ते पत्र बाजूलाच होतं, नोटरीचा शिक्का मिरवत. घरातल्या मोठ्या माणसानं लग्नाची हकिकत लिहून दिली की तिकडच्या साहेबाचा विश्वास बसतो, असं किशोरीनं कुठंतरी वाचलं होतं. पण सोमीबाई पडली लग्नात धवले गाणारी. तिला हकिकत सांग म्हटलं, तर ती गाऊनच मोकळी झाली:

आपट्याचे नदीकाठी गो, पानी वाहे झुलूझुलू
सून मीच शोधिली गो, लेका तू नको बोलू

किशोरीनं त्याचं साधं इंग्रजी केलं. या दोघांची ओळख मी, मुलाच्या आईनं, करून दिली. सोमीबाईनं खाली सही केली, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या आळीला कळलं, की सून सोमीनंच शोधली, आता सरकारी कागदावरही आलं. म्हातारीचा मान, असू दे, असं किशोरीला तेव्हा वाटलं होतं.

फोनवर मिथुन होता. तिकडं सकाळ. कामावर निघायच्या गडबडीत तो पाव खात होता.

"तू स्पॉन्सर म्हणून भरलेल्या अर्जात या प्रश्नाला काय लिहिलंस?" किशोरीनं हळूच विचारलं.

"खरं ते. खोटं सापडलं तर पाच वर्षं दार बंद, असं शेवटच्या पानावर आहे."

"मग आईंचं पत्र?"

मिथुननं पाव खाली ठेवला.

"काय कुजबुजताव दोघा?" सोमीबाईनं मान वर केली. "मी काय भिंत हाय?"

किशोरीनं पदर नव्हता म्हणून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "आई, रागावू नका. बुधाजीमामा स्थळ घेऊन आले ना, त्याच्या आधी दोन वर्षं आम्ही एकमेकांना ओळखत होतो. मामांना आम्हीच गळ घातली होती. आपट्याला, माझ्या माहेरी, पोहे खाताना ह्यांनी मला 'नाव काय तुझं' विचारलं, ते सगळं नाटक."

"तरीच," सोमीबाई म्हणाली. "नाव इचारताना याला घाम फुटलेला. आनि भेटलाव कुठं?"

"लॅबमध्ये. तुम्ही सकाळी रक्त देऊन बाजारात भाजीला बसायचात, आणि संध्याकाळी तुमच्या साखरेचा रिपोर्ट न्यायला हे यायचे. दर पंधरा दिवसांनी. साखर कधी वाढलेली नसायची. एकदा रिपोर्ट तयार होता, तरी मी म्हटलं, अर्धा तास लागेल."

"मी म्हटलं, तासभर लागू दे," फोनमधून आवाज आला.

"तू पाव खा," सोमीबाई म्हणाली.

"देवाशपथ आई, तुम्ही पहिल्यांदा आलात, सुई बघून तुम्हाला घेरी आली, मी कापूस दाबून धरला, हातावर फुंकर घातली, तेव्हा तुम्ही कुणाच्या कोण, मला काही ठाऊक नव्हतं." किशोरीनं पत्र उचललं. "पण आता हे पाठवता येणार नाही. अर्जात एक, पत्रात दुसरं. साहेब म्हणेल लग्नच खोटं. लग्नानंतर अकरा दिवस नांदलोय आम्ही. आणखी पाच वर्षं मी कशी..."

तिनं पत्र दोन्ही हातांत धरलं. कागदाच्या कडेला बारीकशी चीर गेली.

सोमीबाईनं तिचं मनगट धरलं. भाजीच्या जुड्या बांधून घट्ट झालेला हात, पण धरला अगदी हलका.

"फाडू नको. त्यात खोटा काय हाय?"

"आई, आमची ओळख रिपोर्टमुळं झाली."

"मंग? रिपोर्ट कोनाचा?"

मिथुन खो खो हसला. "आये, तू वकील व्हायला पायजे होतीस! असं बघितलं तर मग डॉक्टरचंच नाव टाकायला पाहिजे. दर पंधरा दिवसांनी साखर तपासा, असं त्यांनीच सांगितलेलं ना तुला?"

सोमीबाईनं पत्र किशोरीच्या हातातून काढून घेतलं, मांडीवर ठेवून तळव्यानं सपाट केलं, आणि फोनकडं बघितलं.

"कंचा डॉक्टर?"