वेशीवरचा दगड
गावापासून मौद्याची शाळा पाच किलोमीटरपलीकडे असली, तरच मुलींना बस मिळणार होती. बसशिवाय जयवंताची आठवी बुडत होती. मोजणीला आलेले साहेब वेशीवरच्या दगडापाशी थांबले. शेंदराखाली कोरलं होतं, ‘मौदा ४’. “गाव नियमात बसत नाही.” “सायेब, गाव सात किलोमीटरवर हाय,” जयवंताचे वडील चंपतराव काकुळतीनं म्हणाले. “हा दगड पुरात वाहत आला. आमीनं इथं मारोती म्हणून बसवला.” “मग उपटा, त्याच्या जागी न्या. सरकारी दगड सांगेल तेच मी लिहिणार.” चंपतराव वाकले. “देवाले उपटतं काय गा?” त्यांची म्हातारी आई ओरडली. मागे सारं गाव हात जोडून उभं होतं. दगडापर्यंत गेलेले चंपतरावांचे हातही जोडले गेले. जीप गेली. जयवंता रोजच्यासारखी जास्वंदीचं फूल घेऊन दगडापाशी आली. महिनाभर ती त्याच्याकडेच बस मागत होती.