रोबोटचा लंगोट

रोबोटिक्स टीमला जागा मिळाली. फुकटात, लाइट-पाण्यासकट, पेठेतल्या तालमीत. पेढे वाटून झाले, कॉलेजच्या पेजवर फोटोही पडला. आता हे काही झालंच नाही असं समजून पुढं वाचावं. इरम तसंच समजते.

इरम टीमची कॅप्टन. ती तालमीच्या उंबऱ्याबाहेर पायरीवर उन्हात बसली होती, मांडीवर लॅपटॉप. तिनं वर्षभर खपून बनवलेला रोबोट उंबऱ्याच्या आत, तांबड्या मातीत होता. रविवारी पुण्यात स्पर्धा होती. रोबोटला चालता येत होतं. रेषेवर थांबता येत नव्हतं. तेवढंच शिकवायचं राहिलं होतं.

कॉलेजात रोबोटिक्सची लॅब आहे. पण तपासणी समिती येणार म्हणून तिला कुलूप. वापरली तर ती वापरल्यासारखी दिसेल, असं सरांचं म्हणणं. मंगल कार्यालयवाल्यानं नवरा-नवरी कोण ते विचारलं. टीममधल्या राजवीरच्या मामाचा गोठा मिळाला होता, पण रोबोट बघून म्हशीनं पान्हा चोरला. शेवटी पिराजी वस्ताद म्हणाले, "आणा की तालमीत. दुपारची मोकळीच असती."

फक्त तालमीचे नियम पाळायचे.

"चपला भाईर," वस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. पोरांनी काढल्या. वस्ताद रोबोटच्या चाकांकडं बघत राहिले. बरीच चर्चा होऊन चाकं धुऊन घ्यायची ठरलं.

"आन लंगोट?"

"कुणाला?" राजवीरनं विचारलं.

"मातीत उतरणार कोण? तू का त्यो?"

रोबोटला लाल लंगोट बांधण्यात आला. मापाचा मिळेना, म्हणून बालगटातला.

मग इरमनं आत जायला पाय उचलला.

"तू न्हाय, पोरी," वस्ताद म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर भांडता तरी आलं असतं. "बाईमाणूस तालमीत येत न्हाय. पैल्यापासनं न्हाय. दुसरं काय मनात आणू नगंस. तुझा बाप मुनव्वर ह्याच मातीत घडला. त्येचा फोटो हाय आत भिंतीवर, गदा घिऊन. लई भारी फोटो."

"मी बघितला नाही."

"बघशील कशी?" वस्तादांना ते लगेच पटलं. "पोरांस्नी मोबाइलवर काढून पाठवाय सांगतो."

फोटो आला. त्यात भिंत आली होती, आणि गदा.

तेव्हापासून इरम पायरीवरनं ओरडून सांगायची आणि राजवीर आत ते करायचा. पैलवानांनी रोबोटला 'नवा पठ्ठ्या' म्हणायला सुरुवात केली. ते रोज त्याच्यापुढं थंडाईचा ग्लास ठेवत. तो पीत नसे, म्हणून टीममधला आदर्श पीत असे. टीमची एवढी एकच प्रगती झाली. आदर्शचं वजन वाढलं.

"सोडू काय?" आतून राजवीर ओरडला.

"सोड!"

रोबोट निघाला. रेषा आली. रोबोट थांबला.

तालीम दणाणली. "थांबला! ओ ताई, थांबला की!" कुणीतरी हलगीही काढली.

इरम उठून उभी राहिली. लॅपटॉपवर दिसत होतं, मोटर अजून जोर लावत होती. तिनं दारातून वाकून बघितलं. लंगोटाचं टोक चाकात गुंडाळलं होतं. मग धूर दिसला.

"बॅटरी तोड! लाल वायर काढ!"

"सगळ्याच लाल हायत!"

वायर आदर्शनं आणली होती. त्याला तोच रंग आवडतो.

"चाकावरची! डावीकडची!"

"कुणाची डावी? माझी का त्येची?"

इरमचा पाय आपोआप उचलला गेला. वस्ताद धावत दारात आडवे आले. एवढा मोठा माणूस, त्यांनी हात जोडले.

"तेवढं नगं, पोरी. पाया पडतो."

पाय हवेतच राहिला. आत पैलवानांनी ओंजळी भरभरून रोबोटवर माती टाकली. आग विझली. आतलं बाकीचंही विझलं. हलगीवाल्याला कुणी सांगितलं नव्हतं, तो आणखी थोडा वेळ वाजवत राहिला.

नंतर वस्ताद थंडाईचा ग्लास घेऊन तिच्याशेजारी पायरीवर येऊन बसले.

"गडी जिद्दीचा हुता. जळला, पर मागं हटला न्हाय."

"मी आत असते तर लंगोट सोडवला असता, वस्ताद."

"व्हय. खरं हाय." वस्तादांनी ग्लास तिच्यापुढं ठेवला. "असं कर. अर्ज दे. मंडळाच्या सभेत ठिवतो. नामंजूर हुईल, पर ठिवतो."

लॅपटॉप उघडाच होता. इरमनं टाइप करायला घेतलं.

'महोदय, आपल्या तालमीत यंत्रास प्रवेश दिला जातो, असे दिसून आले आहे. तरी जळालेली मोटर काढण्यापुरते व वडिलांचा फोटो पाहण्यापुरते सदर अर्जदारास यंत्र समजण्यात यावे व आत सोडण्यात यावे, ही नम्र विनंती. अर्जदार पाय धुऊन येईल. अर्जदारास रेषेवर थांबता येते.'