झोपलेलं अस्वल

"मुखपृष्ठावरचं अस्वल झोपलेलं कशाला? डोळे उघडे काढ. मुलांकडे बघून हसू दे त्याला," संपादक देवस्थळी म्हणाले.

चित्रकार उल्का वाद घालत बसली नाही. तिने ते चित्र एका जुन्या पुस्तकाला कव्हरासारखं घातलं आणि शाळेतून धावत आलेल्या त्यांच्या नातीच्या हातात दिलं.

नातीची बडबड थांबली. पुस्तक दोन्ही हातांवर आडवं धरून ती पावलं न वाजवता कोपऱ्यात जाऊन बसली आणि अस्वलाच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

"आवडलं का गं?" देवस्थळींनी विचारलं.

"आबा, हळू बोल ना. ते उठेल."

देवस्थळी उठून गॅलरीत गेले. दार हळूच लोटून त्यांनी छापखान्याला फोन लावला.

"मुखपृष्ठ आहे तसंच छापा," ते कुजबुजले.