उद्यापासून कामावर

वागळे इस्टेटमधल्या मशीनच्या पट्ट्यात भगवानचा उजवा हात ओढला गेला आणि खांद्यातल्या नसा तुटल्या. पट्ट्यावरची संरक्षक जाळी सुपरवायझर सामंतनेच काढायला लावली होती. तोच आता डॉक्टरांना सांगत होता, “नाटकं करतोय हा. फिट लिहा, उद्यापासून कामावर.”

डॉक्टरांनी भगवानला डोळे मिटायला लावून त्या हाताच्या करंगळीत सुई टोचली. त्याला काहीच जाणवलं नाही.

“आई गं!” दाराशी उभा सामंत ओरडला आणि स्वतःची करंगळी चोळू लागला.

डॉक्टरांनी अंगठ्याला टोचलं. सामंतने अंगठा तोंडात घातला.

भगवानने डोळे उघडले. मेलेला हात डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला.

“लिहा डॉक्टर, फिट,” तो म्हणाला. “उद्या त्याच मशीनवर उभा राहतो. जाळी नकोच, साहेब.”