अर्धं शटर

शिंप्याच्या दुकानाचं शटर भिवाने अर्ध्यावर ओढलं. वसुलीला गेला की तो आधी हेच करायचा. मार कुणाला दिसत नाही, ओरडणं मात्र गल्लीभर पोचतं.

"दादा, हे कर्ज माझं नाही! रेकॉर्ड चुकलंय," शिंपी हात जोडून म्हणाला.

"सगळे असंच म्हणतात!" भिवाने त्याच्या थोबाडावर ठोसा हाणला. शिंप्याचा दात पडला, भिवाची बोटं सोलवटली.

दुपारी पट्टी बांधलेल्या हाताने त्याने बँकेत रिक्षाच्या कर्जाचा अर्ज दिला.

"क्रेडिट स्कोअर पार घसरलाय," कॉम्प्युटरकडे बघत बाई म्हणाल्या. "फ्रिजचे हप्ते थकलेत तुमचे."

"मॅडम, फ्रिज मी घेतलाच नाही! रेकॉर्ड चुकलंय!"

मान वर न करता बाई म्हणाल्या, "सगळे असंच म्हणतात."

भिवाने मूठ आवळली, तशी पट्टी पुन्हा लाल झाली.