वाकडी टोपी

बायकोला इसब झालं तवा गाव म्हणलं, "लागण व्हईल, ताट येगळं ठेवा." बारामतीचा डॉक्टर म्हणला, "लागण होत नाही. गाजरगवताची ॲलर्जी आहे, त्यानंच इसब उठतंय. मावशी, शेतापासून लांब राहा." तवापासनं ती पुण्याला लेकीकडं, मी हितं कळस गावात एकला. मी बांधावरचं सगळं गाजरगवत उपटून काढलं. शेजारचा मोहनराव हसला, "तात्या, गवत उपटाल, वारं कसं उपटाल?" आज इंदापूरच्या स्टँडावर ती यष्टीतनं उतरली. तोंड कसं लख्ख! मी बी धुतलेली कापडं घालून गेलतो. बाकड्यावर टेकलो. ती म्हणली, "टोपी वाकडी बसलीया," आन् हात पुढं केला. मी टोपी काढली, तर घडीत गाजरगवताची बारकी पांढरी फुलं. टोपी रानातच वाळत घातलेली. तशीच मुठीत दाबून बाकड्याच्या टोकाला सरकलो. "म्हातारपणी लाजताय व्हय?" ती हसली. "व्हय," म्हणलं.