रावणाची ओवाळणी

रावण नाचत नाचत वेशीवरच्या मारुतीकडे निघाला होता आणि फागी ताट घेऊन बायकांच्या रांगेत उभी होती. ताट तिचं नव्हतं, शेजारच्या ओट्यावरच्या म्हातारीकडून मागून घेतलेलं. पाय मात्र तिचेच होते. साखरशेतपासून अनवाणी चालून त्यांना डांबर चिकटलं होतं, आणि एका अंगठ्याला फडकं.

सप्तशृंगीच्या गडावर पायी निघालेली मंडळी रस्त्याकडेला चहा घेत होती. चैत्रात या वाटेवर गावोगाव बोहाडा लागलेला असतो. रात्रभर देवादिकांचे मुखवटे नाचतात, आणि उजाडलं तरी काही सोंगं उरतातच. चालणारे घटकाभर बघतात, हात जोडतात आणि उन्हाच्या आत पुढे सटकतात.

"चल गो," धोंडीबाई म्हणाली. "देवीला निघालीस अन् रावणाला कशाला ओवाळतेस?"

"मुखवटा चढला का तो पण देवच."

"मागल्या गावात गणपती होता. त्याला नाय ओवाळलास."

फागीने वात पुढे सारली. वातीला काही झालं नव्हतं.

इथे सोंग घराण्याचं असतं. रावण फागीच्या माहेरचा. आजा नाचला, बाप नाचला, आता आत बारक्या होता, तिचा थोरला भाऊ. वीटभट्टीवर भेटलेल्या, वीतभर जमीन नसलेल्या माणसाबरोबर फागी निघून गेली, तेव्हा तो गावासमोर बोलला होता, 'मेलो तरी तुझं तोंड बघणार नाय.' माणूस शब्दाचा पक्का. जव्हारच्या बाजारात ती समोरून आली की त्याला एकदम सुक्या मासळीचा भाव जाणून घ्यावासा वाटायचा.

दर चैत्रात ती या गावातून रस्त्याच्या पलीकडच्या कडेने जायची. यंदा गडापर्यंत अनवाणी चालायचा नवस केला होता. मंडळीत एकीचा नवस बोअरला पाणी लागावं म्हणून, एकीचा पोराच्या भरतीसाठी. फागीला विचारलं की ती म्हणायची, "हाय एक." आणि यंदा तिने ताट मागितलं. मुखवटा चढवलेल्या माणसाला रांगेतली एखादी बाई वगळता येत नाही. बोलताही येत नाही. दहा तोंडांपैकी एकालाही परवानगी नसते.

सांबळ जवळ आला. रावणाच्या मागे शुभेच्छुकांचा फ्लेक्स होता, त्यावरची तोंडं दहाहून पुष्कळ जास्त होती.

रावण तिच्यापुढे थांबला. मिशा नव्याने रंगवल्या होत्या. फागीने मधल्या कपाळाला कुंकू लावलं, ओवाळलं.

"दादा, मी फागी," ती हळूच म्हणाली.

लाकडी डोळे तिच्या डोक्यावरून पलीकडच्या डोंगराकडे बघत राहिले. नाचणारे पाय मात्र थांबले. सांबळवाल्याने ताल एकदा जास्तीचा फिरवला, मग आणखी एकदा, मग वर बघितलं. रावण पुढच्या बाईकडे सरकला.

ताट रिकामंच राहिलं. ओवाळणी भावाने टाकायची असते, देवाने नाही. तिने ते म्हातारीला परत केलं आणि वाटेला लागली.

"झालं समाधान?" धोंडीबाईने विचारलं.

"बघितलंच नाय त्याने."

"लाकूड ते. काय बघल?"

गाव मागे पडत होतं तेवढ्यात हाक आली. हिरी, बारक्याची बायको, पदर सावरत धावत येत होती. तिच्या हातात पुरुषी चपला होत्या. झिजलेल्या, एकीचा अंगठा तारेने बांधलेला.

"ह्या घे."

"कोणी दिल्या?"

"रावणाने." हिरी हसली नाही. "मारुतीपाशी मुखवटा उतरवला अन् पयलं तेच बोलला. तिच्या पायात काय नाय, तिला ह्या देऊन ये."

"मग वळखलं त्याने?"

"त्या मुखवट्याच्या डोळ्यांतून दिसत नाय कायच. भोकं खाली, नाकाशी. पुढची हातभर जमीन दिसते, तितकीच. तुझे पाय दिसले. बोटावर बोट चढलेलं हाय ना तुझं, सासूबाईंवाणी." तिने श्वास घेतला. "तोंड नाय बघितलं. ते पण सांगून पाठवलान."

फागीने चपला घेतल्या. त्यांचे तळ अजून त्याच्या पायांच्या आकाराचे दबलेले होते.

"वयनी, मला नवस हाय. गडापर्यंत घालता नाय येणार."

"तर हातात ने. परत एसटीनं येशील ना? तेव्हा घाल, अन् इथं उतर. आणून दे पण. त्याला दुसऱ्या नायत."

फागी चपला उलट्यासुलट्या करून बघत राहिली.

"अन् माझं तोंड?"

हिरीने सुटलेला पदर कमरेला खोचला.

"बघू," ती म्हणाली. "मुखवटा घरातच असतो."

ती परत फिरली. धोंडीबाई पुढे निघाली होती. फागीने चपला पिशवीत देवीच्या नारळाशेजारी ठेवल्या. मग पुन्हा बाहेर काढून हातात धरल्या.

डांबर तापायला लागलं होतं. वळणावर तिने मागे बघितलं. वेशीपाशी, भर उन्हात, बारक्या तोंड पलीकडे करून उभा होता. एका पायावर, मग दुसऱ्यावर.